बाहेरचं काही नाही

लॉन्ड्रीच्या गल्ल्यावरून,
१२ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी तोंड उघडलं की तुमच्या पोहण्याच्या तलावावर नेमकं कुणीतरी बुडायला लागतं आणि तुम्हाला पळावं लागतं. म्हणून हे पत्र. पत्राला मधेच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्यासारखं काय आहे ते बघायला आधी वाचावं लागतं.

सूनबाई महिनाभर माहेरी राहून परवा परत आली. जाताना थकलेली होती, बोटांचे सांधे दुखतात म्हणत होती, एवढंच. येताना गोळ्यांची पिशवी आणि फुगलेला चेहरा घेऊन आली. दार उघडलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, दुसरीच कुणी आलीय. काय झालंय विचारलं तर म्हणाली, "आईला सगळं माहितीये, तिलाच विचारा." मग आमच्या चिरंजिवांना विचारलं. ते नेहमीप्रमाणे पुलाच्या कामावर, दोन डोंगरांच्या मधे कुठेतरी. तिथून फोनला आवाज येतो, शब्द येत नाहीत. त्यातून माझ्या हाती लागलं ते एवढंच, की "आई, तिचं शरीर स्वतःशीच भांडतंय." मी म्हटलं, या घरात भांडायला माणसं कमी पडली का तिला?

दोन वर्षांपूर्वी लग्न ठरवताना तुम्ही काय म्हणाला होतात ते मला चांगलं आठवतं. "माझी मुलगी एका दमात तलाव पार करते, साधी सर्दी माहीत नाही तिला." मी कपड्यांचा धंदा करते, विहीणबाई. 'एकदाच घातलाय हो' म्हणून गिऱ्हाईक जो कोट पुढे करतं, त्याच्या काखा मी आधी उलटून बघते. तुमच्या बाबतीत तेवढं करायचं राहून गेलं.

तर आता सरळ सांगा. आजाराचं नाव काय, तो किती दिवसांचा, आणि कुणाला लागतो का. घरात आम्ही आहोत, खाली दुकानात कामाची माणसं आहेत. मला अंधारात ठेवून कुणी काही करावं हे मला खपत नाही.

आपली,
विहीण


तलावाच्या ऑफिसातून,
२० जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

पत्र फाडलं नाही. मागची बाजू कोरी आहे, इथे कामाला येईल.

तुम्ही विचारलंय म्हणून सांगते. नीट वाचा, कारण मी नवशिक्या पोरांनाही एकदाच सांगते. माणसाच्या रक्तात अँटिबॉडी नावाच्या गोष्टी असतात. बाहेरून जंतू आले की त्यांच्याशी लढायला शरीर त्या तयार करतं. काही जणांच्या बाबतीत त्यांची गफलत होते आणि त्या आपल्याच अवयवावर तुटून पडतात. ठमीच्या बाबतीत त्या तिच्या लिव्हरवर उलटल्यात. (आमच्याकडे ती ठमीच. तुम्हाला ते नाव गावंढळ वाटतं हे मला माहीत आहे.) याला ऑटोइम्यून म्हणतात. घाणीतून, उष्ट्यातून, बेफिकिरीतून येणारा हा आजार नाही. कुणाकडून लागत नाही, कुणाला लागत नाही. बाहेरचं काही नाही. जे आहे ते तिचं स्वतःचं आहे.

इथल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय. त्यांच्या केबिनबाहेर माणसं हळू आवाजात बोलतात. तुमच्या दुकानात वाढलेल्या माणसाला ते चमत्कारिक वाटेल. गोळ्या स्टेरॉइडच्या आहेत, त्यांनी चेहरा सुजतो, पुढे उतरतो. तिची बोटं आताच दुखायची थांबलीत आणि तिला भूक लागायला लागलीय. तेव्हा तिला खाऊ घाला, आराम करू द्या आणि विम्याच्या ऑफिसातून थकून आल्यावर सुट्टीच्या दिवशीही दुकानात उभी करू नका. ती सून आहे, तुमचं बिनपगारी माणूस नाही.

पुन्हा सांगते, कुणाला लागत नाही.

ठमीची आई


लॉन्ड्रीच्या गल्ल्यावरून,
८ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार,

तुमचा धडा मिळाला. पाठ केला. शेजारच्या चष्मेवालीला म्हणूनही दाखवला, "बाहेरचं काही नाही हो आमच्या सुनेला." तर ती घाबरून म्हणाली, "बाहेरचं म्हणजे? कुणी काही केलंय का तिच्यावर?" मग मला भुताखेतापासून अँटिबॉडीपर्यंत सगळं उलगडून सांगावं लागलं. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली. एकाने विचारलं, त्या अँटिबॉडी धुऊन निघत नाहीत का. मी म्हटलं, निघत असत्या तर तुमच्या कोटाबरोबर टाकल्या असत्या मशीनमध्ये.

मुद्द्याचं सांगते. आमच्याकडे एक डॉक्टर पांढरे कोट टाकतो. हाडांचा डॉक्टर आहे, पण तुमच्या मोठ्या डॉक्टरसारखा तोही शिकलेलाच असावा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हेपटायटिसच्या व्हायरसची तपासणी आधी झाली असेलच ना?" मी म्हटलं, असेल. सूनबाई शेजारी उभी राहून कपड्यांना नंबर टाचत होती. तिच्या हातातली टाचणी बोटात गेली. ती वर निघून गेली आणि रात्री जेवली नाही. मला म्हणाली, माझ्या आजाराची चर्चा दुकानात करू नका. यात राग येण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

म्हणून आता मीच अंदाज बांधते. हे तुमच्या घराण्यातलं आहे, होय ना? सूनबाईचे वडील तरुणपणी गेले म्हणता, पण कशाने गेले ते तुम्ही कधी धड सांगितलं नाहीत. मी विचारलं की तुम्ही तलावातल्या पाण्याविषयी बोलायला लागता. लिव्हरनेच गेले असतील. तसं असेल तर लग्नाआधी सांगायला हवं होतंत. पुढे मुलंबाळं व्हायची आहेत.

बाकी तिची तब्येत बरी आहे. भरपूर खाते. काल तिने बरणीचं झाकण एका हाताने उघडलं आणि मला दाखवायला आणलं. हे सांगायचं नव्हतं, पण कागदावर जागा उरली होती.

आपली,
विहीण


तलावाच्या ऑफिसातून,
१५ फेब्रुवारी

विहीणबाई,

ठमीचे वडील ट्रकखाली गेले. लिव्हर चांगलं होतं त्यांचं. तुमचं समाधान झालं असेल अशी आशा आहे.

तपासण्या सगळ्या झाल्या आहेत आणि सगळ्या स्वच्छ आहेत. हाडांच्या डॉक्टरने हाडं बघावीत आणि आपले कोट न्यावेत. माझ्या मुलीचं रक्त ही तुमच्या गल्ल्यावर मांडायची वस्तू नाही. यापुढे याविषयी मला पत्र लिहू नका.

ठमीची आई


दवाखान्याच्या पॅसेजमधून,
४ एप्रिल

विहीणबाई,

लिहू नका म्हणालात, तरी लिहिते. आज नमस्कार नाही.

गेल्या महिन्यापासून तुमच्या मोठ्या डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे ती गोळ्या कमी करत होती. गोळ्या कमी झाल्या तशी भूक गेली. मग मळमळ सुरू झाली. मी म्हणत होते डॉक्टरला दाखवू, ती म्हणत होती आईला विचारते. सोमवारी सकाळी ती दुकानात चादरींच्या ढिगाशेजारी उभी होती आणि मी सहज तिच्या डोळ्यांकडे बघितलं. इतकी वर्षं पांढऱ्यातला पिवळा ओळखून मी पोट भरते. मला कुणी सांगायला लागलं नाही. कपडे पोचवायच्या गाडीत तिला घातलं आणि इथे आणलं.

इथल्या लिव्हरच्या डॉक्टर वयाने लहान आहेत, पण एक प्रश्न दोनदा विचारतात. त्यांनी विचारलं, व्हायरसची तपासणी झालीय का. मी तुमचेच शब्द तोऱ्यात त्यांच्या तोंडावर फेकले, "सगळ्या झाल्यात, सगळ्या स्वच्छ आहेत." त्यांनी सूनबाईकडे बघून पुन्हा तेच विचारलं.

सूनबाई म्हणाली, "स्वच्छ नाहीत. हेपटायटिस सी आहे मला. डिसेंबरात आईकडे गेले होते तेव्हाच कळलं."

डॉक्टर म्हणाल्या, "मग स्टेरॉइड देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं होतं. आई म्हणाली, तपासलंय, काही नाही."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी बसले होते."

विहीणबाई, मी आयुष्यात पुष्कळ लबाड गिऱ्हाइकं बघितलीत. जळका शर्ट घडी घालून आणणारी बघितलीत. पण आपल्याच मुलीच्या बाबतीत डॉक्टरला फसवणारी बाई मी पहिल्यांदा बघितली, आणि ती माझी विहीण निघाली.

तुमच्या त्या अँटिबॉडीचं काय ते आता माझ्याकडून ऐका. मीही एकदाच सांगणार आहे. डॉक्टर म्हणाल्या, हा व्हायरस वर्षानुवर्षं अंगात राहिला की अशा अँटिबॉडी बऱ्याच जणांच्या रक्तात दिसतात. त्या दिसल्या म्हणून शरीर स्वतःवर उलटलंच असं नसतं. कुठल्या आहेत, किती आहेत ते बघावं लागतं, अडलंच तर लिव्हरचा कण काढून तपासावा लागतो. काहींना दोन्ही आजार असतात, पण हिला तसं दिसत नाही. हिच्या थोड्याशाच आहेत. दुखणं व्हायरसचं आहे. प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि व्हायरसला रान मोकळं मिळालं. मग गोळ्या कमी होताच शरीर जागं होऊन एकदम त्याच्यावर तुटून पडलं, आणि त्या मारामारीत लिव्हर सापडलं. म्हणजे तुम्ही ज्यांचा एवढा मोठेपणा मिरवलात त्या अँटिबॉडी नुसती बघ्यांची गर्दी. मारेकरी वेगळाच होता, आणि त्याला तुम्ही आत लपवून बाहेरून कडी लावून घेतलीत.

बरं, तो व्हायरसही असा की आजकाल गोळ्यांनी समूळ जातो. तीन महिन्यांत. हे ऐकून मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, हो, जातो. मग तुम्ही हे कशासाठी केलंत?

मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तिने भिंतीकडे तोंड केलं.

तुम्हाला त्याच दिवशी फोन करणार होते. तिने माझा हात धरून ठेवला. म्हणाली, "आत्ता नको, अहो आई. ती येईल आणि परत सगळं तीच ठरवेल." म्हणून थांबले. आज धोका टळला असं डॉक्टर म्हणाल्या. चिरंजीव काल पोचलेत, तिच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेत. पत्र कुरिअरने पाठवतेय, कारण फोनवर तुम्ही मला बोलू दिलं नसतंत आणि आज मला पूर्ण बोलायचं होतं.

यायचं तर या. मी बोलावत नाही, अडवतही नाही.

विहीण


घरून,
६ एप्रिल

विहीणबाई,

मी उद्या पोचते. हे पत्र तुमच्या हातात देईन, कारण समोरासमोर मी ओरडेन आणि दवाखान्यात ओरडू देत नाहीत.

कशासाठी केलं विचारता. तुमच्यासाठी केलं.

आठवतं का बघा. लग्न ठरायच्या आधी आम्ही दोघी पहिल्यांदा तुमचं घर बघायला आलो होतो. वरच्या खोलीत बसलो होतो, चहा आला होता. आणि तुम्ही रंगात येऊन एक गोष्ट सांगितलीत. तुमच्या इस्त्रीवाल्याला कावीळ झाली होती. तुम्ही त्याला उभ्या उभ्या घरी पाठवलंत, त्याचा कप चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकलात, आणि त्याने हात लावलेली दाराची मूठ फिनेलने धुतलीत. चिमटा कसा धरला होता ते तुम्ही करून दाखवलंत. तुमचे मिस्टर हसले. जावईबापू हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. ठमी हसली. तिला तेव्हा स्वतःबद्दल काही माहीत नव्हतं.

डिसेंबरात आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हेपटायटिस सी आहे, पुष्कळ वर्षांपासून असणार. लहानपणी ठमीचं अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हा रक्त चढवलं होतं. त्यातून आला असेल किंवा आणखी कुठून, आता कळायचं नाही असं त्या म्हणाल्या. तेव्हा आरोपी शोधत बसू नका. मी शोधून झाले. येताना टॅक्सीत घराजवळ आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, माझा कप."

तुमचा मुलगा कामावर, ती तुमच्याबरोबर एकटी. रोज तुम्ही तिच्याकडे कसं बघाल ते मला दिसत होतं.

त्याच तपासण्यांत अँटिबॉडीही निघाल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांचं आत्ता काही नाही, आधी व्हायरसचं बघू. पण मी घरी जाऊन त्या शब्दाविषयी वाचलं आणि मला तो शब्द आवडला. तो ऐकून कुणी चिमटा आणत नाही. मग मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्याशी खोटं बोलले. त्यांनी विचारलं तेव्हा ठमी माझ्या तोंडाकडे बघत होती. पोहायला घाबरणाऱ्या मुलांना मी सांगते, पाण्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. तिला मीच शिकवलंय. तिने तेच केलं.

गोळ्यांनी तिला बरं वाटायला लागलं तेव्हा मला वाटलं, माझंच खरं होतं. इतकी मूर्ख बाई मी याआधी पाहिलेली नव्हती, आणि माझ्या तलावावर पुष्कळ येतात.

तुमची माफी मी मागणार नाही. तिची मागेन, तिला ऐकायची असेल तेव्हा.

ठमीची आई


लॉन्ड्रीच्या गल्ल्यावरून,
३० मे

विहीणबाईंना नमस्कार,

तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. त्या दिवशी नर्सने आपल्या दोघींना वॉर्डाबाहेर काढलं ते योग्यच केलं. मी तुम्हाला 'डॉक्टरीण' म्हणाले आणि तुम्ही मला 'चिमटेवाली' म्हणालात, आणि मधल्या पलंगावरची आजारी म्हातारी उठून बसली. सूनबाई म्हणाली, "दोघी घरी जा." इतक्या हळू आवाजात ती म्हणाली की आपण दोघीही गेलो.

आता ती घरी आहे. स्टेरॉइड पूर्ण बंद झालं, डोळे पांढरे झाले, व्हायरसच्या गोळ्या सुरू होऊन तीन दिवस झाले. आम्ही सगळ्यांनी रक्त तपासून घेतलं. कुणाला काही नाही. डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं, हा कपातून, ताटातून, कपड्यांतून पसरत नाही, रक्तातून रक्तात गेला तरच जातो. मी म्हटलं, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं होतं का कुणाला?" लहान आहेत, पण तोंड आहे.

तुमचं पत्र वाचून मी तुमच्यावर पुष्कळ चिडले. मग त्या इस्त्रीवाल्याला शोधायला गेले. तो आता स्टेशनजवळच्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत असतो. तिथे वाफेत उभा होता. मला बघून त्याने इस्त्री खाली ठेवली नाही. मी म्हटलं, झालं ते झालं, परत ये कामावर. तो म्हणाला, "मालकीणबाई, माझी कावीळ पंधरा दिवसांत गेली. तुमचं बरं झालं का?" शेजारचे दोघे हसले. मी तशीच परत आले.

आणखी एक. तुम्हाला आनंदच होईल. चिरंजिवांना पुलाच्या कामावर दोन खोल्यांचं घर मिळालंय आणि ती दोघं पुढच्या आठवड्यात तिकडे राहायला जाताहेत. तिने विम्याच्या तिथल्या ऑफिसात बदली मागून घेतलीय. मी म्हटलं, औषधं चालू असताना कशाला, इथे मी आहे ना करायला. ती म्हणाली, "अहो आई, दवाखान्यात तुम्ही माझं सगळं केलंत, मी विसरणार नाही. पण घरी मी कप विसळते तेव्हा तुमच्याकडे बघते. तुम्ही बघत नसता, तरी बघते. मला असं राहायचं नाही."

मी तिला एवढंच विचारलं, भांडी कुठली कुठली नेणार.

जाताना तिने सांगून ठेवलंय, मी बोलावल्याशिवाय दोघींपैकी कुणी यायचं नाही. दोघींपैकी, असं म्हणाली. तेव्हा मी एकटी नाही, तुम्हीही आहात त्यात. तेवढं समाधान.

आपली,
विहीण


तलावाच्या ऑफिसातून,
१९ ऑगस्ट

विहीणबाई, नमस्कार.

हे लिहिताना मला काय वाटतंय ते तुम्हाला कळलं तर तुम्ही दुकानात पेढे वाटाल, म्हणून सांगत नाही.

ठमी माझा फोन उचलते. खिडकीतून पूल कसा दिसतो ते सांगते, नवऱ्याला धूळ बाधते ते सांगते. तब्येतीचं विचारलं की म्हणते, "ठीक." परवा मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हो." आणि पुन्हा पुलाचं सांगायला लागली. मी तिला सगळी ताकद लावून वाढवलं आणि आता तिच्या गोळ्या संपल्या की नाही हे मला माहीत नाही.

मी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "रिपोर्ट मी स्वतः मागायला हवा होता. तुमच्या शब्दावर राहायला नको होतं." एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी चार शिव्या देऊन परत आले असते आणि मला झोप लागली असती.

तुम्हाला तिच्याविषयी काही कळलं तर कळवा. विनंती समजा. पुन्हा करणार नाही.

ठमीची आई


लॉन्ड्रीच्या गल्ल्यावरून,
२८ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार,

ऑगस्टात उत्तर दिलं नाही, कारण मलाही काही माहीत नव्हतं आणि ते तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. चिरंजीव मला 'ठीक' म्हणायचे, तुम्हाला ती 'ठीक' म्हणायची. एकाच छापखान्यातून निघालेलं.

काल तिचा फोन आला. गोळ्या ऑगस्टअखेर संपल्या होत्या. तीन महिने थांबून परवा पुन्हा रक्त तपासलं. व्हायरस नाही. कुठेच नाही. डॉक्टर म्हणाल्या, बरी झालीस. लिव्हरलाही कायमची मोठी इजा नाही.

तुम्हाला ती आज संध्याकाळी फोन करणार आहे. आधी मला केला, हे मी मुद्दाम लिहितेय. हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत तुम्हाला सगळं कळलेलं असेल, तरी लिहिते, कारण आधी मला केला. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आईला सांगताना मला रडू येईल, म्हणून आधी तुमच्यावर सराव करतेय." तेव्हा फार हरखून जाऊ नका आणि मीही जात नाही.

मी विचारलं, आणि त्या अँटिबॉडी? ती म्हणाली, "आहेत थोड्या. डॉक्टर म्हणाल्या, हळूहळू जातील किंवा राहतीलही. अधूनमधून बघत राहायचं. त्या काही करत नाहीत, नुसत्या असतात." मला दाट संशय आहे की हे बोलताना तिच्या मनात आपण दोघी होतो. मी तसं म्हणालेही. ती कितीतरी वेळ हसत होती. तिला असं हसताना मी आमच्या घरात ऐकलेलं नाही.

आता ऐका. तिने बोलावलंय. अट अशी की दोघींनी एकाच वेळी यायचं, एकटीने नाही. म्हणजे एकीला दुसरीबद्दल तिच्या कानाशी लागता येणार नाही. चार दिवस राहायचं. डॉक्टरकी करायची नाही, आणि घासलेलं भांडं कुणी पुन्हा घासायचं नाही. हे दुसरं माझ्यासाठी आहे, ते मला कळलं.

पुढच्या महिन्यातली दहा तारीख मी धरलीय. तुम्ही तलावावर सुट्टी टाका. बुडणाऱ्यांना दुसरं कुणी काढेल. तुमची गाडी इथे बदलायची असते, तेव्हा स्टेशनवर मी उभी राहते, पुढे बरोबर जाऊ. रस्त्यात काय बोलायचं याची काळजी करू नका, मी बोलेन.

घर दोन खोल्यांचं आहे. एक त्यांची. दुसऱ्या खोलीत आपण दोघी, शेजारी शेजारी गाद्या टाकून. मी घोरते. आमचे हे गेली तीस वर्षं दुसऱ्या खोलीत झोपतात. हे आत्ताच लेखी कळवून ठेवते, मागाहून लपवलं म्हणाल.

आपली,
विहीण